चौदा महिन्यांनी थोरला

तीन लिटर दूध आटवून दोनवर आणलंय,
चारोळ्या यंदा महाग, म्हणून काजूचे तुकडे जास्त.
कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीची गच्ची,
टाकीशेजारी सतरंजी,
आणि खालच्या मैदानात गरब्याचा माईक चाचपून बघणारा कुणीतरी:
हॅलो, हॅलो, एक, बे, त्रण.

दुसऱ्या मजल्यावरच्या कोकिळाबेन
मलमलीच्या फडक्याखाली दूधपौंवा घेऊन आल्या.
दरवर्षीचा वाद दरवर्षीच्याच जागी सुरू झाला.
दुधात पोहे घालतात का कधी?
मग सणाला काय नुसतं दूध पितात, आजाऱ्यासारखं?
धारा, आमची सून, माहेरची तिकडची, सासरची इकडची,
दोन्हीतलं एकेक वाटी घेते
आणि बोलत नाही.

कोजागिरी. घरातल्या थोरल्याची आश्विनी.
आमच्या घरात थोरला म्हणजे अनिरुद्ध,
माझ्याहून चौदा महिन्यांनी.
एवढ्याशा भांडवलावर
त्यानं साठ वर्षं नुसतं व्याज खाल्लं.
नवा सदरा त्याला, पहिला पेला त्याला,
सुपारी, अंगठी, ताम्हनातला रुपया त्याच्यावरून,
आणि मी रांगोळी पुसणार नाही अशा बेतानं
भिंतीला टेकून.
सहावीत एकदा विचारलं होतं,
धाकट्यांची पौर्णिमा कधी असते?
बाबा हसले. आईनं पातेलं माझ्यापुढे सरकवलं,
तळाची खरवड, चमच्यासकट.
पहिल्या पेल्यात तसली चव नसणार,
हे मी अनिरुद्धला अजून सांगितलेलं नाही.

यंदा पाट नाही. गुडघे.
प्लास्टिकची खुर्ची, तिच्यासमोर चार बोटं रांगोळी.
आईला दोघांनी धरून वर आणली,
प्रत्येक मजल्यावर थांबत, प्रत्येक दाराची चौकशी करत.
चौऱ्याऐंशी वर्षं. हल्ली तिच्या तोंडातली नावं
एकमेकांच्या घरी राहायला गेलीत.
धाराला ती प्रमिला म्हणते, म्हणजे आमची आत्या,
आणि धारा ओ देते.

ताम्हन घेऊन आई वळली ती थेट माझ्याकडे.
कपाळावर तिचं ओलं बोट.
"अनू, हलू नको रे."
मी तोंड उघडलं.
तेवढ्यात अनिरुद्ध उठला,
एरवी उठताना तीन देवांची नावं घेणारा,
खांद्याला धरून मला त्या खुर्चीत बसवला
आणि कानाशी म्हणाला, "बस ना मुकाट्यानं.
गणिताच्या पेपरला मी तुझं बघून लिहिलं होतं,
फिटलं."

निरांजन इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.
नाकाच्या शेंड्याला ऊब लागते,
तुपाचा वास, वातीची बारीक चरचर,
ज्योतीमागे आईचा चेहरा क्षणात येतो, क्षणात जातो,
आणि सगळी आपल्याकडे बघत असताना
आपण कुठे बघायचं, ते कुणीच शिकवलेलं नसतं.
हा दरवर्षी असाच अवघडून बसत असेल.
भिंतीपाशून ते दिसायचं नाही.
मी अनिरुद्धकडे पाहिलं.
तो भिंतीला टेकून उभा होता,
पातेल्यात चमचा घालून.

मग कोकिळाबेननी सुई काढली.
शरद पुनमच्या चांदण्यात दोरा ओवला की
वर्षभर नजर शाबूत राहते, त्यांच्याकडे म्हणतात.
खाली गरबा सुरू झालेला, सगळी गच्ची थरथरतेय.
अनिरुद्ध हरला. मी दोऱ्याचं टोक ओलं करून करून
त्याची वात केली. धारा म्हणाली,
मोबाईलची बॅटरी लावू? तर ते चालत नाही म्हणे.

आईनं हात पुढे केला.
सुई चंद्राकडे धरली, डोळे बारीक केले,
आणि पहिल्याच खेपेला
दोरा पलीकडे.
गाठ मारली, दातानं टोक तोडलं, वर बघून विचारलं,
"हं. कुणाचं बटण तुटलंय?"

आम्ही दोघांनी एकदमच
आपापल्या सदऱ्याकडे पाहिलं.